सिल्व्हर बफेलो: स्काउटिंगच्या सेवा-सन्मानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल पहिलीत गेलं की कुणीतरी ‘कब स्काउट्स’चं, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटिंगचं, पिल्लू सोडून देतं, आणि दोन-तीन वर्षांत पोराबरोबर बापही गणवेशात दिसायला लागतो. माझं तेच झालं. मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये पालक जे प्रश्न विचारतात आणि साताऱ्याहून भाचा फोनवर जे विचारतो, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्यातली गोष्टच तशी आहे.

सिल्व्हर बफेलो म्हणजे नेमकं काय?

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेचा सर्वांत मोठा सेवा-सन्मान. (संस्थेने फेब्रुवारी २०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ असं नाव घेतलं आहे.) मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर असामान्य काम करणाऱ्या मोठ्या माणसांना तो दिला जातो. १९२५ मध्ये तो ठरला आणि १९२६ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. लाल-पांढऱ्या रिबिनीला लटकवलेला चांदीचा छोटा प्राणी, गळ्यात घालायचा. रोजच्या गणवेशावर एवढं लटांबर कोण घालणार? म्हणून त्याऐवजी डाव्या खिशाच्या वर गाठीचं चित्र भरलेली एक कापडी पट्टी शिवतात. गाठ कोणती, तर आपल्याकडे स्काउटच्या तासाला सगळ्यात आधी शिकवतात ती रीफ नॉट.

बफेलो म्हणजे म्हैस ना? चांदीची म्हैस?

आमच्या आईने फोनवर हेच विचारलं होतं, आणि वर “दूध किती देते?” हेही. म्हैस नव्हे. हा अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला बायसन. तिकडे सरसकट ‘बफेलो’ म्हणतात, प्राणिशास्त्राच्या हिशोबाने ते चूक आहे. आपल्याकडचा त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे राधानगरीच्या जंगलात दिसतो तो गवा. एके काळी बायसनचे कोट्यवधींचे कळप होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकारीमुळे ते हजाराच्या आसपास उरले. मग त्याला वाचवायची धडपड सुरू झाली आणि तो अमेरिकेची खूण बनला. १९१३ ते १९३८ या काळात तिथल्या पाच सेंटच्या नाण्यावरही तोच होता. म्हणजे पुरस्कार ठरत होता तेव्हा हा प्राणी प्रत्येकाच्या खिशात होता.

चांदीच्या प्राण्याची कल्पना अमेरिकेचीच का?

नाही, ती इंग्लंडची. स्काउटिंगचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०९ मध्ये ‘सिल्व्हर वुल्फ’ सुरू केला होता. गंमत म्हणजे सुरुवातीला हा चांदीचा लांडगा मुलांनाही मिळायचा, भरपूर कौशल्य-बिल्ले मिळवणाऱ्यांना. पुढे तो फक्त मोठ्यांच्या असामान्य सेवेसाठी राखला गेला. पुढे ही प्राण्यांची जत्रा जगभर पसरली: ऑस्ट्रेलियात चांदीचा कांगारू, न्यूझीलंडमध्ये टुई पक्षी, जपानमध्ये सोनेरी फेझंट. भारतात अर्थातच हत्ती.

पहिला सिल्व्हर बफेलो कुणाला मिळाला?

बेडन-पॉवेलना. यात नवल काहीच नाही, पंगतीत पहिलं पान कुणाचं हे ठरलेलंच असतं. नवल आहे ते दुसऱ्या पानाचं. यादीत बेडन-पॉवेल यांच्या लगेच खाली नाव आहे ‘अनोळखी स्काउट’. नाव नाही, गाव नाही, वय नाही. ज्याने अमेरिकेत ही चळवळ खऱ्या अर्थाने रुजवायला सुरुवात केली तो शिकागोचा धनाढ्य प्रकाशक विल्यम बॉईस यादीत या मुलाच्याही खाली, तिसरा.

हा अनोळखी स्काउट कोण?

अमेरिकेतल्या प्रत्येक स्काउटला सांगितली जाणारी गोष्ट अशी. १९०९ साल. बॉईस लंडनमध्ये आहे. दाट धुकं पडलंय आणि त्याला वाट सापडत नाही. तेवढ्यात धुक्यातून एक मुलगा कंदील घेऊन येतो आणि त्याला हव्या त्या पत्त्यावर नेऊन सोडतो. बॉईस खिशात हात घालतो, एक शिलिंग काढतो. मुलगा म्हणतो, “नको साहेब, मी स्काउट आहे. सत्कृत्याचे पैसे घेत नाही.” चकित झालेला बॉईस विचारतो, स्काउट म्हणजे काय रे? मुलगा त्याला स्काउटच्या कचेरीत घेऊन जातो आणि धुक्यात नाहीसा होतो. बॉईस माहितीपत्रकांनी भरलेली ट्रंक घेऊन घरी परततो, आणि ८ फेब्रुवारी १९१० रोजी वॉशिंग्टनमध्ये संस्थेची नोंदणी करतो.

हे सगळं खरं आहे?

बॉईस लंडनला गेला होता, हे खरं. तो पूर्व आफ्रिकेला निघाला होता आणि वाटेत लंडनला थांबला. मोहीम मोठी मजेशीर होती: फुग्यांतून वरून जंगली प्राण्यांचे फोटो काढायचे. फोटो काही धड निघाले नाहीत. रस्त्यात एका स्काउटने त्याला मदत केली आणि पैसे घेतले नाहीत, हेही बहुतेक खरं.

धुक्याचं मात्र अवघड आहे. तो महिना ऑगस्ट होता, आणि हवामानाच्या नोंदी तपासणाऱ्यांना त्या दिवशीचं धुकं काही सापडलेलं नाही. मुलाने त्याला कचेरीच्या दारापर्यंत नेलं, हाही तुकडा मागाहून चिकटलेला दिसतो. इतिहासकारांच्या मते मुलाने नुसता रस्ता ओलांडून दिला असावा आणि बॉईस कचेरीत नंतर आपला आपण गेला असावा.

मग धुकं आलं कुठून? माझा संशय काळावर आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत आणि १९२१ मध्ये अमेरिकेच्या आर्लिंग्टनला ‘अनोळखी सैनिका’ची समाधी झाली. नाव नसलेल्या माणसापुढे देशाने मान झुकवायची, ही कल्पना त्या दशकात लोकांच्या मनात ताजी होती. जेम्स वेस्ट हे संस्थेचे मुख्य कार्यकारी, १९११ पासून १९४३ पर्यंत खुर्चीवर होते. संस्थेला जन्मकथा लागते हे त्यांना पुरेपूर कळत होतं. कीर्तनकार आख्यान रंगवतो तसं हे झालं. मूळ अभंग दोन ओळींचा, पण उत्तररंगात पाऊस, वीज, सगळं येतं. धुकं नसलं तरी पोराने पैसे घेतले नाहीत ना, मग पुढचं मी चालवून घेतो.

ज्याचा पत्ताच नाही त्याला पुरस्कार दिला तरी कसा?

पुतळा करून. १९२६ मध्येच अमेरिकेच्या स्काउटांनी बायसनचा एक छोटा ब्राँझचा पुतळा इंग्लंडला पाठवला. तो मुलाच्या वतीने स्वीकारला प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांनी. हेच पुढे आठवे एडवर्ड झाले आणि वर्षाच्या आत गादी सोडून गेले. पुतळा आहे गिलवेल पार्कमध्ये. लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलाला लागून असलेली ही इस्टेट १९१९ मध्ये स्काउटांसाठी विकत घेतली गेली. जगभरच्या स्काउट मास्टरांचं ते माहेरघर. चौथऱ्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ साधारण असा: रोजचं सत्कृत्य निष्ठेने करून ज्याने स्काउट चळवळ अमेरिकेत आणली त्या अनोळखी स्काउटला.

त्याने एक शिलिंग नाकारला आणि त्याच्या वाट्याला बायसन आला. घ्यायला तो आलाच नाही, हे त्याला शोभणारंच.

पण आम्ही शाळेत ‘खरी कमाई’ करायचो, तेव्हा पैसे घ्यायचोच की! मग ते चुकीचं होतं का?

हा प्रश्न महाराष्ट्रात शिकलेला बापच विचारू शकतो, म्हणून मला फार आवडतो.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सत्कृत्य म्हणजे न सांगता केलेली मदत, तिचे पैसे नाहीत. खरी कमाई म्हणजे ठरवून केलेलं काम, मजुरी घ्यायची आणि ती पथकाच्या निधीत भरायची. इंग्लंडमध्ये १९४९ पासून ‘बॉब-अ-जॉब’ नावाचा आठवडा असायचा, घरोघर जायचं, एक शिलिंग एक काम. आपली खरी कमाई त्याच जातकुळीतली.

माझं कार्ड मला अजून आठवतं. पिवळं, चार रकाने: कामाचं नाव, रक्कम, सही, शेरा. गल्लीतल्या एका काकूंनी दळण आणायला पाठवलं. डबा माझ्या अर्ध्या उंचीचा. आठ आणे दिले, सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, “थोडे सांडले.” त्याच आठवड्यात एका आजोबांना एस.टी. स्टँडवर पिशवी उचलून दिली. त्यांनी लिमलेटची गोळी हातावर ठेवली आणि मी ती तोंडात टाकली. मग रात्रभर झोप नाही. सत्कृत्याचा मोबदला घेतला, आता स्काउट राहिलो की नाही? दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, “खाल्लीस ना? मग झालं. फक्त उद्या गोळीसाठी म्हणून स्टँडवर जाऊन उभा राहू नकोस.”

भांडून गेलेल्यांनाही हा पुरस्कार मिळाला म्हणतात?

मिळाला, तोही पहिल्याच वर्षी. बॉईसने संस्था काढली खरी, पण कारभार हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेला. १९१५ मध्ये त्याने वेगळी चूल मांडून ‘लोन स्काउट्स’ सुरू केलं. गावोगावच्या, शेतावरच्या मुलांना जवळपास पथक नसायचं. अशा एकांड्या मुलांनी टपालाने स्काउटिंग शिकावं, ही ती कल्पना. माझ्या मते ती मूळ संस्थेपेक्षा जास्त कल्पक होती. १९२४ मध्ये ती मूळ संस्थेत विलीन झाली आणि दोनच वर्षांत बॉईसच्या गळ्यात बफेलो पडला.

दुसरे अर्नेस्ट थॉम्पसन सेटन. जन्म इंग्लंडचा, वाढ कॅनडातली, निसर्गावर लिहिणारा आणि चित्रं काढणारा हाडाचा रानवेडा माणूस. बेडन-पॉवेल यांच्या आधी, १९०२ मध्येच त्यांनी अमेरिकेत मुलांना जंगलात नेणारी संघटना काढली होती. १९१० पासून ते अमेरिकेचे चीफ स्काउट. पण वेस्ट यांच्याशी त्यांचं कधीच पटलं नाही. त्यांनी तोवर अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं, हेही टोचत होतं. १९१५ मध्ये त्यांना बाजूला व्हावं लागलं. १९२६ च्या यादीत सेटनही आहेत आणि वेस्टही. आपल्याकडे गावच्या जत्रेत भाऊबंदकीतली माणसं एकाच पालखीला खांदा देतात, तसंच काहीसं.

आणखी कुणाला मिळाला?

एकट्याने विमान हाकत अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग (१९२८), स्काउटांची कॅलेंडरं रंगवणारा चित्रकार नॉर्मन रॉकवेल (१९३९), वॉल्ट डिस्ने (१९४६), चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग लहानपणी स्वतः ईगल स्काउट होता, म्हणजे मुलांमधली सर्वांत वरची पायरी गाठलेला. यादी वाचत गेलं की मोठे उद्योगपती आणि राजकारणीही पुष्कळ सापडतात. त्यातल्या सगळ्यांनी मुलांसाठी किती घाम गाळला आणि किती जणांनी चेक फाडला, हा प्रश्न मलाही पडतो.

बायकांना कधीपासून?

इथे संस्थेची बाजू लंगडी आहे. लहान मुलांच्या कब स्काउट्सचा सगळा डोलारा ‘डेन मदर्स’वर, म्हणजे आयांवर उभा होता. आठवड्याला पाच-सात पोरं घरात घ्यायची, त्यांच्याकडून डिंक, कात्री, कागद यांचा पसारा करून घ्यायचा आणि मग तो आवरायचा. तरी स्थानिक सेवेचा सन्मान, ‘सिल्व्हर बीव्हर’ (बीव्हर म्हणजे नदीत बांध घालणारा एक प्राणी), पुरुषांना. १९७१ मध्ये तोडगा निघाला तो असा: स्त्रियांसाठी वेगळा ‘सिल्व्हर फॉन’, म्हणजे हरणाचं पाडस. पुरुषांना पूर्ण वाढलेला प्राणी आणि बायकांना पिल्लू! तीन वर्षांत, १९७४ मध्ये, तो गुंडाळला आणि पुरुषांचाच पुरस्कार स्त्रियांनाही खुला झाला. सिल्व्हर बफेलो मिळवणारी पहिली स्त्री लाव्हर्न पार्मली, १९७६ मध्ये. आणि स्त्रियांना स्काउटमास्टर व्हायची परवानगी केव्हा? १९८८ मध्ये. सर्वोच्च पुरस्कार आधी आणि काम करायचा अधिकार बारा वर्षांनी.

सिल्व्हर बीव्हर, सिल्व्हर अँटिलोप आणि सिल्व्हर बफेलो यांत फरक काय?

पातळीचा. बीव्हर आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कौन्सिलसाठी (१९३१ पासून), अँटिलोप अनेक कौन्सिल मिळून होणाऱ्या विभागासाठी (१९४० च्या दशकापासून), बफेलो देशासाठी. आपल्या ओळखीत कुणाला मिळालाच तर तो बीव्हर असणार. रिबीन निळी-पांढरी.

स्काउटच्या पदकावर स्वस्तिक होतं, हे खरं?

खरं. बाहेरच्या माणसाने स्काउटांना मदत केली तर त्याचे आभार मानायला ब्रिटनमध्ये १९११ पासून ‘थँक्स बॅज’ होता, त्यावर स्वस्तिक. १९२२ मध्ये तिथल्या मेडल ऑफ मेरिट या सेवापदकावरही कमळासारख्या स्काउटचिन्हासोबत स्वस्तिक आलं. तेव्हा युरोपात त्याचा अर्थ आपल्यासारखाच होता: शुभ. मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंगही ते आपल्या पुस्तकांवर छापत, आणि स्काउटिंगशी त्यांचा घरोबा होता. पुढे नाझींनी ते चिन्ह उचललं. १९३४ मध्ये स्काउट मास्टरांनीच डिझाइन बदला म्हणून मागणी केली आणि १९३५ मध्ये नवं पदक आलं. आजही जुनं पदक कुठे लिलावात दिसलं की लोक दचकतात. दिवाळीत उंबऱ्यावर तेच काढणारे आपण दचकत नाही, पण इथल्या शेजाऱ्याला मात्र हे सगळं नीट समजावून सांगावं लागतं.

भारतातला असा पुरस्कार कोणता?

भारत स्काउट्स आणि गाईड्सचा ‘सिल्व्हर एलिफंट’, हा आपला सर्वोच्च सेवा-सन्मान. ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन झाली. त्याआधीची गोष्ट कडू-गोड आहे. सुरुवातीला बेडन-पॉवेल यांच्या संघटनेत भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला आपापली स्काउट पथकं उभी केली. पुढे त्याच बेझंटबाईंना उतारवयात सिल्व्हर वुल्फ देण्यात आला.

जागतिक संघटनेचा ‘ब्राँझ वुल्फ’ याहून दुर्मीळ. १९३५ मध्ये स्टॉकहोमला पहिला बेडन-पॉवेलना दिला, आणि पहिल्या वीस वर्षांत मिळून फक्त बारा. भारताच्या लक्ष्मी मजुमदार यांना तो १९६९ मध्ये मिळाला. पुण्यात आळंदी रस्त्यावर गाईड्सचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र आहे ना, ते १९६६ मध्ये सुरू झालं तो काळ त्यांच्याच नेतृत्वाचा.

माझ्या मुलाला सिल्व्हर बफेलो मिळेल का?

नाही. तो मोठ्यांसाठी आहे. मुलांसाठी सर्वांत वरची पायरी ईगल स्काउट, आपल्याकडच्या राष्ट्रपती पुरस्कारासारखी. किमान २१ मेरिट बॅज, म्हणजे कौशल्य-बिल्ले, आणि एक सेवा-प्रकल्प लागतो, म्हणजे बागेत बाक बसवणं, देवळाची कपाटं नीट करून देणं असलं काही. ती मिळवायची असते. सेवा-सन्मान मिळवायचा नसतो, तो दिला जातो.

शर्टावर बीव्हरची गाठ असलेला लीडर दिसला की मूल निर्धास्त सोपवावं का?

गाठ बघून नाही. लैंगिक शोषणाच्या दाव्यांमुळे संस्था २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून जास्त दावे दाखल झाले, हे विसरू नका. एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही, कार्यक्रमात किमान दोन प्रौढ, हा नियम पाळला जातोय का ते बघा. नसेल पाळला जात, तर शर्टावर दहा गाठी असोत, मुलाला घेऊन घरी या.

या सेवा-सन्मानांसाठी अर्ज कसा करायचा?

करायचा नाही. नाव दुसऱ्याने सुचवायचं आणि ज्याचं सुचवलं त्याला कळू द्यायचं नाही. फॉर्म भरताना त्याच्या बायकोला गुपचूप फोन करून “किती सालापासून? कुठल्या ट्रूपमध्ये?” अशी माहिती काढावी लागते. तीन वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांचं नाव बीव्हरसाठी पाठवलं होतं. वीस वर्षं दर शनिवारी हजर असलेला माणूस. समारंभ एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. व्यासपीठावरून नाव पुकारलं, टाळ्या सुरू झाल्या आणि हे कुठेच नाहीत. शोधलं तर मागे स्वयंपाकघरात, बाह्या वर करून कॉफीचा मोठा पिंप घासत होते. ओल्या हातांनीच पुढे आले, गळ्यात रिबीन घालून घेतली, फोटो झाला. पाच मिनिटांनी मी कपबशा घेऊन मागे गेलो तर परत पिंपाशीच. रिबीन साबणाच्या पाण्यात जायला लागली तशी त्यांनी ती उचलून पाठीवर टाकली होती, आणि चांदीचा बीव्हर पाठीवर लोंबत होता.